आधी पुढचं चाक बघा

टेक्सासमधल्या अर्विंगच्या व्हॅली रँच, लास कोलिनास भागात राहणाऱ्या मराठी पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो: पहिली बाइक म्हणून कावासाकीची जुनी निन्जा 250 घेऊ, की नवी 400? पुण्यात कॉलेजात असताना मनात राहून गेलेली गाडी इथे नोकरी लागली की आवाक्यात येते. मग जाणकार मंडळी सीसी, हॉर्सपॉवर आणि टॉप स्पीड काढून बसतात. मला या चर्चेचा राग येतो. जीव ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट तिच्यात निघतच नाही.

पहिला गैरसमज असा, की अमेरिकेत विकली जाते ती गाडी आपल्याकडच्या गाडीपेक्षा पुढचीच असणार. बजाजने 2009 मध्ये निन्जा 250आर भारतात आणली, ती फ्युएल इंजेक्शनसह. अमेरिकेत तीच गाडी 2012 पर्यंत कार्बोरेटरवर विकली गेली. निन्जा 300 इथल्या शोरूममधून जाऊन वर्षं झाली, आज ती फक्त सेकंडहँड मिळते. चाकणच्या कारखान्याची 300 मात्र 2025 मध्येही भारतात कोरी करकरीत विकली जात होती. तेव्हा जुनं-नवं ठरवताना देशाच्या नावावर जाऊ नका.

जुनी 250 वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. दोन सिलिंडरचं, 13,000 आरपीएमपर्यंत चढणारं ते इंजिन नवशिक्याच्या चुका पोटात घालतं. मॅकआर्थर बुलेव्हार्डवर किंवा बेल्ट लाइन रोडवर तिच्यासारखी गोड गाडी नाही. पण अर्विंगमध्ये राहून हायवे टळत नाही. 114 वर किंवा 635 वर सत्तर मैलांचा वेग धरला की तिचं इंजिन साधारण साडेआठ हजारांवर ओरडत असतं. शेजारचा अठरा चाकी ट्रक तुमच्या लेनमध्ये सरकायला लागला, तर झटकन पुढे निघायला तिच्यात फारसं काही शिल्लक नसतं. 2008 च्या आधीची 250 असेल तर आणखी एक अडचण: तिची चाकं सोळा इंची, टायर निवडायला फार वाव नाही.

कार्बोरेटरचं दुखणं वेगळंच. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं. गाडी दोन-चार महिने उभी राहिली की पेट्रोल चिकट होतं आणि कार्बोरेटरमधल्या पायलट जेटचं केसाएवढं भोक बुजतं. मग गाडी चोकवर सुरू होते आणि चोक बंद केला की मरते. विकणारा म्हणतो, बॅटरी जरा उतरलीय. म्हणून गाडी बघायला गेलात की ती सुरू करण्याआधी इंजिनवर हात ठेवा. गरम लागलं, तर तुमच्या येण्याआधीच ती चालू करून ठेवली आहे. ती थंड होईपर्यंत थांबा, नाहीतर सरळ घरी या.

2013 च्या 300 ने इथे इंजेक्शन आणलं, हलका स्लिपर क्लच आणला. 2018 ची 400 तर शंभर सीसीने मोठी असूनही 300 पेक्षा काही किलोंनी हलकी. कावासाकीच्या इंजिनिअरांना यासाठी मनापासून सलाम. हायवेचा प्रश्न तिने सोडवला.

आता मुद्द्याची गोष्ट: एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. भारतात 125 सीसीवरच्या नव्या मॉडेलना 1 एप्रिल 2018 पासून आणि आधीच्या मॉडेलना 1 एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचं झालं. युरोपने त्याआधीच सक्ती केली होती. अमेरिकेत अशी सक्ती नाही. यामाहाची आर-3 इथे 2015 ला आली ती एबीएसशिवाय. 400 दोन्ही प्रकारांत आली. 2024 च्या निन्जा 500 चं सर्वांत स्वस्त रूपही इथे बिनएबीएसचंच निघालं. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाड्या ताडून पाहिल्या. एबीएस असलेल्या गाड्यांच्या जीवघेण्या अपघातांचं प्रमाण 22 टक्क्यांनी कमी निघालं. एवढं कळल्यावरही काही डॉलर वाचवायला ते सोडून देणं मला समजत नाही. पुण्यातल्या पोराला कायदा जे देतो, ते अर्विंगमधल्या पोराने स्वतः मागून घ्यायचं आहे.

आणि ते डोळ्यांनी तपासून घ्यायचं आहे, कारण एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांत एकीला ते असतं आणि दुसरीला नसतं. पुढच्या चाकाशी उकिडवे बसा. डिस्कच्या आत, हबजवळ बारीक खाचांची एक कडी दिसली पाहिजे आणि फोर्कवरून तिच्यापर्यंत आलेली पातळ वायर. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी थोडी चालली की विझतो. तो लागलाच नाही, किंवा विझलाच नाही, तर सौदा थांबवा. तिथेच बसला आहात तर टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडेही वाचा. 2315 म्हणजे 2015 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर, नक्षी कितीही शाबूत दिसली तरी बदलायचाच. ब्रेकच्या लिव्हरचं टोक आणि फूटपेग घासलेले असतील तर गाडी पडलेली आहे, विकणारा काहीही सांगो.

टेक्सासचा कायदा एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला हेल्मेटशिवायही गाडी चालवू देतो, त्याने सुरक्षा प्रशिक्षण घेतलं असेल किंवा त्याचा आरोग्य विमा असेल, एवढंच बघतो. ही सवलत कोणी घेऊ नये.

माझा कौल स्पष्ट आहे. बिनएबीएसची नवी 500 घेण्यापेक्षा एबीएसवाली वापरलेली 400 घ्या. तेवढेही पैसे नसतील तर एबीएसवाली 300 घ्या. उरलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट घ्या, आणि मॅकआर्थरवर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं असेल तरी ते डोक्यावर असू द्या.