कविता आवडणे : बुधवार, पाचवा तास

नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत दहावीच्या साप्ताहिक टाचणात, बुधवारच्या पाचव्या तासासमोर सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे : ‘दोन दिवस – कविता आवडण्याची कारणे (उतरवून देणे).’ पुढच्या रकान्यात शैक्षणिक साधने : खडू, फळा. त्यापुढे अध्ययन निष्पत्ती : विद्यार्थी कवितेचा आस्वाद घेतात. शेवटच्या रकान्यात, साध्य झाले का? होय. खाली मुख्याध्यापकांची सही आणि सोमवारची तारीख.

बुधवारी आवडायची कविता सोमवारीच आवडून झाली होती. नियोजन असावं तर असं.

मुळात प्रश्न चांगला आहे, हे कबूल करायला हवं. मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत पद्याला १६ गुण असतात. त्यातल्या एका कृतीत कवी कोण, विषय काय हे सांगून झालं की मुलाने ती कविता आवडण्याचं किंवा न आवडण्याचं कारण लिहायचं. ज्या पोराला घरात भाजी कुठली करायची हेही कुणी विचारत नाही, त्याला चक्क विचारलंय की बाबा, तुला काय वाटलं? वर नावडण्याचीही मुभा! इतका मोकळा प्रश्न बघून शाळा घाबरली नसती तरच नवल. मुलं आपापली कारणं शोधत बसली तर पोर्शन कधी संपणार, आणि साठ जणांची साठ कारणं तपासणार कोण? तेव्हा कारणंही शाळेनेच पुरवायचं ठरलं. बाई फळ्यावर लिहितात, साठ वह्या उतरवून घेतात : साध्या-सोप्या भाषेमुळे ही कविता मनाला भिडते, ती वाचकाला अंतर्मुख करते, म्हणून ती मला खूप आवडते. पंचवटीपासून पाथर्डी फाट्यापर्यंतची दहावी एकाच आठवड्यात अंतर्मुख होते आणि शुक्रवारच्या चाचणीनंतर पुन्हा बहिर्मुख.

हीच वाक्यं वर्षभर पुरतात. संतवाणीला पुरतात, इंदिरा संतांच्या ‘औक्षण’ला पुरतात, आणि कमाल म्हणजे मोरोपंतांच्या ‘भरतवाक्या’लाही पुरतात. ‘केकावली’तल्या, पृथ्वी वृत्तातल्या त्या रचनेखाली मुलांनी ‘साधी-सोपी भाषा’ लिहून आणलं आणि गुणही मिळवले. अठराव्या शतकातल्या या पंडित कवीवर टीकाकारांनी आजवर नाना आरोप केले, सोप्या भाषेचा मात्र कुणी केला नव्हता.

गद्याची कथा वेगळी नाही. पु. ल. देशपांड्यांचा ‘उपास’ याच इयत्तेला आहे. त्याचं टाचण : ‘पाठातील विनोद समजावून सांगणे, तासिका दोन.’ पहिल्या तासिकेत, समजावण्याआधीच, मागच्या बाकावरचा एकजण वाचता वाचता मोठ्याने हसला. त्याला वर्गाबाहेर उभं केलं.

बाईंना नावं ठेवण्याआधी त्यांचं टेबल बघावं. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, मासिक नियोजन, साप्ताहिक टाचण, दैनिक टाचण, अंतर्गत २० गुणांच्या नोंदी, आणि या सगळ्याखाली दबलेली मतदार यादी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम म्हणतं, शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपू नका. अपवाद फक्त जनगणना, आपत्ती आणि निवडणुका. या देशात या तिन्हींपैकी काही ना काही कायम चालूच असतं. मग टाचण लिहायचं कधी? म्हणून ते व्हॉट्सअॅपवर पीडीएफ होऊन येतं आणि वहीत जसंच्या तसं उतरतं. मुलं बाईंचं उतरवतात, बाई पीडीएफचं उतरवतात. उतरवण्याचं कौशल्य तरी आपल्याकडे वरपासून खालपर्यंत सारखं रुजलेलं आहे. एका आठवड्यात तर या शाळेने नववीच्या मुलांना समुद्रकिनारी नेऊन निसर्गवर्णन लिहून घेतल्याची नोंद आहे. पीडीएफ मूळची रत्नागिरीकडची होती. साध्य झाले का? होय. सहीही आहे.

पण बुधवारच्या त्या पाचव्या तासाचं काय? ‘दोन दिवस’ नारायण सुर्व्यांची. मुंबईत सापडलेलं बेवारस तान्हं मूल, एका गिरणी कामगाराच्या घरात वाढलं, स्वतः राबलं, महापालिकेच्या शाळेत शिपाई झालं, पुढे शिक्षक झालं. ‘माझे विद्यापीठ’ हे नाव त्यांनी आपल्या संग्रहाला उगाच दिलं नव्हतं. आणि ही कविता ज्या वर्गात शिकवली जाते, तिथे तिसऱ्या बाकावर एक मुलगा बसलेला असतो ज्याचे वडील सातपूरच्या कारखान्यात कंत्राटावर दुसरी पाळी करतात. पगाराला किती दिवस उरलेत हे त्याला तारखेसकट पाठ असतं. किराणा उधार आणायला आई त्यालाच पाठवते, कारण लहान पोराला दुकानदार एकदम नाही म्हणत नाही. सुर्व्यांच्या कवितेवर नाशिकमध्ये कुणाला काही सांगण्यासारखं असेल तर या पोराला. त्याला आपण काय उतरवून देतो? ‘या कवितेतून कष्टकऱ्यांच्या जीवनाचे दर्शन घडते.’ दर्शन! तो काय सहलीला आलाय? तो त्याच घरात राहतो. इथे हसणं बाजूला ठेवून सरळ बोलायला हवं : पोराच्या तोंडातून त्याचं स्वतःचं वाक्य काढून घेऊन तिथे बाजारातलं वाक्य कोंबणं हा उद्दामपणा आहे. चार गुण पदरात पडतात म्हणून शाळा तो करते, पालक तो खपवून घेतात, आणि कॉलेज रोडवरचे क्लास त्याची फी घेतात. वर हीच मंडळी २७ फेब्रुवारीला फेटे बांधून विचारतात, आजकालची मुलं मराठीत धड चार वाक्यं का बोलत नाहीत? बोलतील कशी? त्यांची वाक्यं आपण जमा करून घेतली आहेत.

असो. याच शाळेत एका मुलाने हात वर करून विचारलं, ‘बाई, न आवडण्याची कारणं कधी देणार?’

बाईंनी टाचण चाळलं. मासिक नियोजन चाळलं, घटक नियोजन चाळलं. नावडण्याला वर्षभरात एकही तासिका दिलेली नव्हती. प्रश्न तर कृतिपत्रिकेत छापलेला, म्हणजे उद्या कुणी पालक येऊन भांडला तर पंचाईत. भाषा विषयाच्या शिक्षकांची बैठक बसली. पहिला मुद्दा, नावडण्याचा वार कुठला? शनिवार ठरला, कारण शाळा अर्धा दिवस असल्याने नुकसान कमी. दुसरा मुद्दा, नावडायची कुठली कविता? संतांची नको, भावना दुखावतात. देशभक्तीची नको, पालकांचे फोन येतात. आईवरची अर्थातच नको. झाडांवरची नावडून घ्यावी म्हटलं तर शाळेत हरित सेना आहे. हयात कवीची नावडवली आणि उद्या तेच स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून आले तर? दिवंगतांची नावडवली तर त्यांची जयंती असते. उरली एकच, ना धड या गटातली ना त्या, पण ती चित्रकलेच्या सरांना मनापासून आवडत होती आणि त्यांचं मन मोडायला कुणी तयार होईना. तिसरा मुद्दा, निष्पत्तीच्या रकान्यात काय लिहायचं? बऱ्याच खलानंतर मसुदा झाला : ‘विद्यार्थी नियोजित वेळेत कवितेविषयी सौम्य नापसंती व्यक्त करतात.’ साधने : खडू, फळा. निवृत्तीला आलेल्या एका सरांनी आक्षेप घेतला की आज पोरांना कविता नावडेल, उद्या तास नावडेल, परवा शाळा, आणि मग पटसंख्येचं काय? पटसंख्या म्हटल्यावर बैठकीत शांतता पसरली, कारण पट घसरला की जागा जातात, आणि एका कवितेपायी कुणाची तरी नोकरी जाणार हे सगळ्यांना एकदम दिसू लागलं. पालकांचं संमतीपत्र घ्यावं, अशी सूचना आली. नावडण्याचं कारण साठही मुलांचं एकच असावं, नाहीतर मॉडरेटर शंका घेतील, अशी दुसरी आली. शेवटी एकमताने ठराव झाला आणि शनिवारी मुलांना उतरवून देण्यात आलं : ‘ही कविता आकाराने लहान असल्यामुळे लवकर संपते, म्हणून ती मला आवडत नाही.’

ज्याने प्रश्न विचारला त्याच्याबद्दल शेऱ्याच्या रकान्यात एवढंच आहे : वर्गात अनावश्यक शंका.

एवढ्या काटेकोर आठवड्यात एकच गोष्ट बसली नाही, ती म्हणजे वाचन. तसं ‘स्थूलवाचन’ नावाचा विभाग आहे, ८० पैकी ६ गुणांचा. पाठ्यपुस्तकातच छापलेले हे पाठ मुलांनी आपले आपण वाचावेत ही अपेक्षा. पण गुण आले की प्रश्न आले आणि प्रश्न आले की उत्तरं आली, त्यामुळे तेही उतरवून घेतले जातात. शनिवारच्या शेवटच्या तासाला ‘अवांतर वाचन’ लिहिलेलं असतं. तो तास गेले कित्येक महिने कवायतीत, प्रभातफेरीत किंवा विज्ञानाच्या राहिलेल्या पोर्शनमध्ये जातो.

एकदाच घोटाळा झाला. गणिताचे सर निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेले आणि त्यांचा तास बाईंच्या माथी आला. बदली तास, म्हणजे टाचण नाही. बाईंच्या पर्समध्ये व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ होतं, १९४९ सालचं पुस्तक, पुढची कितवी तरी आवृत्ती. त्यांनी ‘धर्मा रामोशी’ वाचायला घेतलं. नुसतं वाचलं. मध्ये थांबून लेखकाचा परिचय दिला नाही, कठीण शब्दांचे अर्थ दिले नाहीत, यातून कोणता बोध होतो ते विचारलं नाही. घंटा झाली तरी एक पोरगं हललं नाही. त्या तासाची नोंद रजिस्टरला ‘वर्गनियंत्रण’ अशी आहे.

तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी आली. म्हणाली, ‘बाई, असली अजून पुस्तकं आहेत का आपल्या शाळेत?’

आहेत ना. कपाटात. कपाटाला कुलूप आहे. कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे, शिपाईमामा कार्यालयात, कार्यालयात अर्ज, अर्जावर वर्गशिक्षकांची शिफारस. पुस्तक फाटलं तर भरपाई कुणाच्या पगारातून, हा प्रश्न सुटेपर्यंत कपाट उघडायचं नाही असं ठरलेलं आहे. तो प्रश्न सोडवायला बसलेले दोन मुख्याध्यापक दरम्यान निवृत्त झाले.

आणि हे चाललंय कुठे? १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या नाशिकमध्ये. १९४२ साली इथे साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्षपदी आचार्य अत्रे होते, म्हणजे ज्यांनी ‘नवयुग वाचनमाले’ची शालेय पुस्तकं केली आणि जी आजही आजोबा मंडळी जपून ठेवतात, ते अत्रे. त्याच वर्षी इथल्या कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ निघाली. पुढे त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानातून २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू झालं आणि नाशिकहून निघालेल्या पुस्तकांच्या पेट्या थेट दुबईला पोचल्या. फार लांब कशाला, मुंबई-आग्रा महामार्गावर ओझरच्या अलीकडे दहाव्या मैलाला एक आजीबाई आपल्या हॉटेलात गिऱ्हाइकाची ऑर्डर येईपर्यंत त्याच्यासमोर पुस्तक ठेवतात. तिथे अर्ज लागत नाही, शिफारस लागत नाही. शिळोप्याला थांबलेल्या ट्रक ड्रायव्हरच्या हाती जे पुस्तक सहज पडतं, ते दहावीच्या मुलीला मिळायला दोन सह्या कमी पडतात.

वर्षातून एकदा मात्र कुलूप निघतं. १५ ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलामांची जयंती, २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी सकाळी पटांगणात रांगा लागतात, प्रत्येकाच्या हाती एकेक पुस्तक येतं, ‘उघडा’ म्हटलं की उघडायचं, मान खाली घालायची, फोटो होईपर्यंत पान उलटायचं नाही. चिंध्या झालेली पुस्तकं मागच्या रांगेत जातात. यंदा त्या मुलीच्या हाती नेमकं माडगूळकरांचंच दुसरं एक पुस्तक आलं. तिने फोटो झाल्यावरही मान वर केली नाही, त्यामुळे परत घेताना मोजणीत एक कमी भरलं आणि पाच मिनिटं गोंधळ उडाला. मग सापडलं. दुपारी वर्गवार अहवाल आणि फोटो वर पाठवले गेले.

मार्चअखेर ग्रंथालयाची वार्षिक पडताळणी झाली. एकही पुस्तक गहाळ नाही. एकाही पानाला तेलाचा डाग नाही, कुठे कोपरा दुमडलेला नाही, समासात कुणी पेन्सिलीने काही खरडलेलं नाही, काही पुस्तकांची पानं तर अजून एकमेकांना चिकटलेलीच आहेत. तपासायला आलेले साहेब खूश झाले आणि त्यांनी लाल शाईत शेरा दिला : ‘जतन उत्कृष्ट. इतर शाळांनी आदर्श घ्यावा.’