वीतभर वारा

दिवाळीला भाचा टेक्सासहून परतवाड्याला आला, तेव्हा बहिणीने आधी त्याची बॅग उपसली. पोरगं तिकडे नोकरी करता करता बंदुकीच्या नादी लागलंय, शनिवार-रविवार हजार-हजार वारांवरच्या लोखंडी पाट्यांवर नेम धरतंय, हे तिला कुणीतरी फोनवर सांगितलं होतं. बॅगेत बंदूक निघाली नाही. चॉकलेटं निघाली, माझ्यासाठी दाढीचं मशीन निघालं. बंदूक तिकडेच कपाटात होती. इकडे आला होता तो नुसता तिचा हिशेब, मोबाइलमध्ये.

हिशेब म्हणजे एक ॲप. गोळीचं वजन, नळीतून सुटतानाचा वेग, दुर्बीण नळीच्या किती वर बसवली आहे, हवेचं तापमान, दाब, दमटपणा, वारा कुठून नि किती, एवढं सगळं त्याच्या कानात सांगायचं. मग ते सांगतं की हजार वारांवर, म्हणजे 914 मीटरवर, गोळी साधारण दहा मीटर खाली येईल. तेव्हा दुर्बिणीचं बटण अमुक टिचक्या फिरवा. भाचा इमानेइतबारे फिरवतो. गोळी सुटते. पाटी वाजत नाही. कधी पाटीच्या हातभर खाली माती उडते, कधी उजवीकडे.

"मामा, ॲप चुकतंय," तो म्हणाला. "पैसे भरून घेतलंय."

मी जन्मात बंदूक चालवलेली नाही. जत्रेत फुगे फोडायला गेलो होतो तेव्हा फुगेवाल्याने दोन रुपये परत दिले होते. पण 32 वर्षं लाकूड डेपोत सागवान मोजण्यात काढली, आणि कागदावरचा आकडा एक नि समोरचा माल दुसरा, या विषयात मला कुणी शिकवू नये. 120 सेंटिमीटर घेराचं, 3 मीटर लांबीचं लाकूड घ्या. आमची रीत अशी की घेराचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. आलं 0.27 घनमीटर. तेच लाकूड शाळेतल्या दंडगोलाच्या सूत्राने मोजा, 0.34 येतं. मग सूत्र चुकलं का? नाही. कडेचं फळकूट आणि आरीखालचा भुसा आधीच वजा धरून ते बांधलंय. ते काय विचारून काय सांगतं हे ज्याला ठाऊक, त्याला ते कधी फसवत नाही. लिलावाला येणारे जुने व्यापारी तर आमचा आकडा ऐकून घेत आणि मग लाकडाभोवती एक चक्कर मारून येत.

तेव्हा मी भाच्याला म्हटलं, ॲप राहू दे बाजूला. त्याने तुला जे जे विचारलं, त्याची उत्तरं तू कुठून आणलीस ते सांग.

चार रात्री आम्ही गच्चीवर बसलो. पहिल्या रात्री निघाला वेग. तो त्याने गोळ्यांच्या डब्यावरून घेतला होता. डब्यावरचा वेग कारखान्याच्या नळीतला. याची नळी त्याहून आखूड. सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तरी हजार वारांवर गोळी फूटभर खाली जाते. 1742 सालीच इंग्लंडात बेंजामिन रॉबिन्स नावाच्या गणित्याने टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडून, ठोकळा किती झुलला त्यावरून तिचा वेग काढून दाखवला होता. (लाकडाचा उपयोग कुठे कुठे होतो पाहा.) आज वेग मोजायची यंत्रं दुकानात मिळतात. भाच्याने घेतलं नव्हतं, कारण डब्यावर लिहिलेलंच होतं की!

डब्यावर आणखी एक आकडा असतो, गोळी हवा किती सफाईने कापते त्याचा. हा आकडा एका प्रमाण गोळीशी तुलना करून काढतात, आणि जुन्या रीतीतली ती प्रमाण गोळी बसक्या बुडाची, पणजोबांच्या काळातली. याची गोळी लांब, निमुळती. शिवाय वेग उतरत गेला की हा आकडाही बदलत जातो. तो छापणार गोळ्या विकणाराच. स्थळाच्या बायोडेटात मुलाची उंची जितकी खरी असते, तितका हाही खरा धरावा.

दुसऱ्या रात्रीचा चोर मात्र मला फार आवडला. हवेचा दाब भाचा फोनवरच्या हवामानातून घेत होता. आता हवामानखातं जो दाब सांगतं तो गाव समुद्रकाठी आहे असं धरून, नाहीतर गावोगावची तुलनाच होणार नाही. आमचं परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आतबाहेर, आणि गच्चीवरून समोर दिसतो तो चिखलदऱ्याचा डोंगर अकराशेच्या घरात. बातम्यांत दोन्हीकडचा दाब 1010 हेक्टोपास्कलच्या आसपास ऐकू येईल. प्रत्यक्षात परतवाड्यात तो 970 च्या जवळ असतो आणि चिखलदऱ्याला नऊशेच्याही खाली. बातम्यांतला आकडा भरून कुणी वर पॉइंटावर निशाणा लावला, तर ॲप बिचारं समुद्रकाठची जाड हवा धरून हिशेब करणार, आणि विरळ हवेतली गोळी पाटीवरून दोन-अडीच फूट उंच निघून जाणार. इथे आमच्या मे महिन्यातली पंचेचाळीस अंशांची हवा नि पौषातली पहाटेची हवा, यांतही असाच पातळ-दाटपणाचा फरक. भाच्याचं मैदानही पठारावर होतं. तो एकदम गप्प झाला आणि बहिणीला चहा ठेवायला सांगून आला.

तिसऱ्या रात्री दुर्बीण. बटणाची एक टिचकी म्हणजे अमुक इतकी, असं पत्रकात लिहिलेलं. पण टिचकी शंभरात दोननेच लंगडी निघाली, तर दहा मीटरांच्या दुरुस्तीत एक वीत गेली. तपासायची रीत गवंड्याची आहे. शंभर वारांवर ओळंबा सोडायचा, त्याच्या रेघेवर बटण फिरवत मारायचं आणि खरोखर किती वर गेलो ते टेपाने मोजायचं. ओळंबा हा शब्द भाच्याला समजावून सांगावा लागला. टेप समजला.

यावर त्याने केलेला उपाय ऐकून मला माझी जुनी कचेरी आठवली. गोळी खाली जाते ना, मग ॲपमधला वेग थोडा कमी करायचा, आणखी थोडा, हजार वारांवर मेळ बसेपर्यंत. मेळ बसला. पण सहाशे वारांवर बिघडला. बिघडणारच! दोष दुर्बिणीचा आणि सजा वेगाला. मार्चअखेरीला साठ्याचा मेळ असाच बसवणारे मी पाहिले आहेत. जूनमध्ये दुसऱ्या थप्पीतून तेच लाकूड पुन्हा बाहेर येतं.

गोळीच्या या हिशेबाचा इतिहास गमतीचा आहे. 1946 साली अमेरिकेत एनिॲक नावाचं संगणकाचं धूड जगापुढे आलं, ते मुळात तोफांचे तक्ते काढण्यासाठीच बांधायला घेतलं होतं. एका गोळ्याचा मार्ग हातयंत्रावर काढायला माणसाला 20 तास लागायचे, एनिॲकने तो अर्ध्या मिनिटात काढला. आधी ते 20 तास खर्डेघाशी करणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या, आणि 'कॉम्प्युटर' हे त्यांच्या नोकरीचं नाव होतं. आता तीच आकडेमोड खिशातला फोन चुटकीसरशी करतो. म्हणजे चुकीच्या आकड्यांचं अचूक उत्तर पूर्वीपेक्षा फार लवकर मिळतं.

तोफांचंच म्हणाल तर, चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावर 1803 च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने 13 तारखेला तोफा सुरू केल्या आणि 15 ला किल्ला घेतला. मधले दोन दिवस त्या भिंतीवर मारत बसल्या. भिंत कुठे पळून जात नव्हती, हे तोफवाल्यांचं नशीब.

चौथी रात्र वाऱ्याची. तिच्यातून काही निष्पन्न झालं नाही. हजार वारांवर बाजूने येणाऱ्या वाऱ्याचा अंदाज ताशी दीड किलोमीटरने चुकला, की गोळी एक वीत सरकते. आणि दीड किलोमीटर म्हणजे काय, तर रांगणारं पोर. भाचा हातातल्या पंख्याने स्वतःच्या नाकापुढचा वारा मोजतो. गोळीला पुढे आणखी नऊशे मीटर जायचं असतं, त्या वाटेत वारा कुणाला विचारून वाहत नाही. मी त्याला गच्चीवरून दाखवलं: दोरीवरचं लुगडं पूर्वेला फडफडत होतं, सापन नदीकडचा धूर सरळ वर जात होता आणि त्यापलीकडे बाभळीचा शेंडा आमच्याकडे झुकला होता. "यातला कोणता वारा भरू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, जेवायला चल.

भाऊबीजेनंतर आम्ही धारणी रोडवरच्या एका नातेवाइकाच्या संत्र्याच्या बागेत गेलो. आंबिया बहार झाडावर होता आणि वानरांची टोळी धुऱ्यावर. राखणीला एक म्हातारा सोकारी, हातात गोफण. भाच्याला राहवलं नाही. फोन काढून म्हणाला, "बाबा, दगडाचं वजन किती असते?"

"कोनत्या दगडाचं?" सोकारी म्हणाला.

भाच्याने फोन खिशात ठेवला. म्हाताऱ्याने खालून एक गुंडा उचलला, तळहातावर जोखला, गोफण फिरवून सोडला. तो झाडाच्या बराच अलीकडे, सरीत पडला. तो कुठे पडला ते त्याने डोळे बारीक करून पाहिलं, अर्धं पाऊल डावीकडे सरकला.

"हाणला तर हाणला, पन पायला पायजे," एवढंच बोलला. दुसरा गुंडा फांदीवर बसला, पानं उडाली आणि टोळी चीं-चीं करत धुऱ्यापलीकडच्या बाभळीवर गेली. आमची मोटारसायकल सुरू झाली तशी परत आली.