विचारप्रवर्तक, पण बेताचं

सोसायट्यांमध्ये सध्या वाचनकट्ट्यांची साथ आहे. योगा झाला, झुंबा झाला, आता पुस्तकं. चांगलंच आहे. वाचून निदान गुडघे दुखत नाहीत.

ग्रुपवरचा पहिला मेसेज ठरलेला: ‘या महिन्यासाठी विचारप्रवर्तक पुस्तक सुचवा.’ दुसराही ठरलेला: ‘शक्यतो राजकारण, जात, धर्म नको.’

मग विचार कशाचा करायचा? कुंडीतल्या मनी प्लांटचा?

अटी एवढ्यावर थांबत नाहीत. फार जाड नको. शिव्या नकोत. शेवट रडका नको. घरात मुलं असतात, ‘तसलं’ काही नको. आणि लेखक शक्यतो हयात नको. हयात असला तर बोलवावा लागतो, बोलवला तर मानधनाचं निघतं.

साडीच्या दुकानात ‘जरा वेगळं दाखवा’ म्हणत तासभर ढीग उपसायचा आणि शेवटी मोतिया रंगच बांधून घ्यायचा, त्यातला हा प्रकार. पंचवीस नावं येतात आणि एकमत होतं ‘ययाति’वर. कादंबरी 1959 ची, खांडेकरांना ज्ञानपीठ 1974 चं. कॉलेजात असताना सगळ्यांनी वाचलेली. म्हणजे आता वाचायला नको!

‘मृत्युंजय’ही बिनविरोध निवडून येतं. त्याला जाडीची अट लागत नाही. भर सभेत कर्णाचं कुळ काढलं, म्हणून सगळे हळहळतात. नव्या भाडेकरूचं आडनाव आधी विचारून घेणारे काका जरा जास्तच हळहळतात.

त्याच ग्रुपवर दया पवारांचं ‘बलुतं’ सुचवून पाहा. पुस्तक 1978 चं, गाजलेलं, भाषेला धार. निळ्या टिक्स उमटतात, उत्तर येत नाही. मग कुणीतरी म्हणतं, ‘आता कुठं राहिलंय हो तसं?’ पाठोपाठ सूर्योदयाचा फोटो येतो.

आमची सोसायटी त्यातली नाही, असं वाटतंय ना? प्रत्येक सोसायटीला तसंच वाटतं.

हा आजार आजचा नाही. लाहोरला जात-पात तोडक मंडळ होतं. नावातच तोडफोड. 1936 च्या परिषदेसाठी त्यांनी अध्यक्ष म्हणून डॉ. आंबेडकरांना बोलावलं. भाषणाचा मजकूर हाती पडला आणि मंडळी गडबडली. जात मोडायची ती धर्मशास्त्रांना हात न लावता, अशी त्यांची माफक अपेक्षा. वर, हिंदू म्हणून हे आपलं शेवटचं भाषण, असंही बाबासाहेबांनी त्यात लिहिलेलं. काही भाग गाळा, म्हणून विनवण्या झाल्या. बाबासाहेब बधले नाहीत. मंडळानं काय केलं?

परिषदच रद्द केली.

न झालेलं ते भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापलं. पहिल्या 1500 प्रती. आज ते जगभर वाचलं जातं. मंडळाचं नाव निघतं ते त्याच्याच प्रस्तावनेत. विचारप्रवर्तक वक्ता हवा होता, मिळाला. पण प्रवृत्त व्हायची कुणाची तयारी होती?

जाडीचंच दुखणं असेल, तर औषध आहे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घ्या. 1939 ची, एका बैठकीत संपणारी. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर देश हरवलेली ज्यू माणसं आणि एक मराठी नायक, ज्याला प्रेम पेलत नाही. निर्वासितांवर तावातावानं फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी तर घ्याच. पण शेवट रडका आहे. झालं, अटीत बसत नाही.

राहता राहिली ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’. 1882 साल, छोटंसं पुस्तक, 500 प्रती, किंमत नऊ आणे. सुरतेच्या एका विधवेला नवजात बाळाच्या हत्येसाठी शिक्षा झाली. वर्तमानपत्रांनी बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. त्यावर बुलढाण्याची ही बाई असं कडाडली की पुरुषांची एक खोड सोडली नाही. लेखिका हयात नाही. मानधन नाही. पानं कमी. सगळ्या अटी पाळून बसलेलं पुस्तक!

तरी ते निवडलं जात नाही. कसं जाणार? निवड समितीत सहा पुरुष. चर्चा रविवारी सकाळी दहाला, आणि साठ माणसांचे पोहे ‘लेडीज विंग बघेल’.

तेही त्यांना न विचारता ठरलेलं.