घट्ट क्लचचे काका

काकांची बुलेट दुसऱ्या कुणाला चालवता येत नाही आणि याचं काकांना जराही दुःख नाही. उलट एखाद्या पोराने हौसेने क्लच ओढायला घ्यावा, लिव्हर अर्ध्यावर अडावी, पोराचं तोंड वेडंवाकडं व्हावं, की काकांचा चेहरा लग्नात मानाचा फेटा मिळाल्यासारखा खुलतो. "राहू दे. तुमची पिढी स्कूटीवाली."

हा नमुना पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडतो. वय पन्नाशीपुढचं, मिशी राखलेली, गाडी उजव्या पायाच्या गिअरची. क्लच घट्ट असणं हा त्याच्या लेखी बिघाड नव्हेच, तो गाडीवर झालेला संस्कार. "१९५५ पासून मद्रासला बनते ही गाडी, तीसुद्धा लष्करासाठी. सीमेवरचा जवान कधी म्हणाला का, क्लच जड आहे म्हणून?" जवान काय म्हणाला ते ऐकायला आपण तिथे नसतो, त्यामुळे वाद मिटतो.

खरं तर क्लच टाळण्यात काकांइतकं तरबेज कुणी नाही. जुन्या बुलेटच्या गिअरबॉक्सला न्यूट्रलसाठी वेगळी छोटी पट्टी असते. सिग्नल लांबून दिसला की काका एकदाच दात-ओठ खाऊन क्लच ओढतात, त्या पट्टीवर टाच मारतात आणि उरलेलं अंतर घरंगळत जातात. हिरवा दिवा लागल्यावर आधी एक दीर्घ श्वास, मग क्लच, मग पहिला गिअर. तोवर मागे हॉर्नचा कल्लोळ. तो आपल्या गाडीच्या सन्मानार्थ आहे, असं काका मानतात. रात्री काकू त्यांच्या डाव्या मनगटाला बाम चोळून देतात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: हवा बदलली आहे.

इलाज केले नाहीत असं नाही. क्लच प्लेटा बदलल्या. कुणीतरी सांगितलं म्हणून जास्त ताकदीच्या स्प्रिंगा बसवल्या. त्याने क्लच आणखी घट्ट झाला, हे सांगायला नकोच. रुबाब वाढावा म्हणून उंच हँडल लावलं. क्लच वायरला मात्र हात लावू दिला नाही, कारण ती ओरिजिनल. "अशी वायर आता मिळत नाही," हे काकांचं म्हणणं अगदी खरं आहे. इतका गंज कुठलंच दुकान विकत नाही.

एकदा गॅरेजमधल्या हेल्पर पोराने, मिस्त्री चहाला गेले असताना, वायरचं खालचं टोक सोडवलं आणि लिव्हर ओढून पाहिली.

"काका, खाली वायर कशालाच जोडलेली नाही, तरी घट्टच!"

"म्हणजे?"

"म्हणजे क्लच नाही, वायर गेलीय."

इतका साधा तपास आजवर कुणी केला नव्हता. आतली पिळाची तार बाहेरच्या आवरणात सरकते. तिला जेवढी वळणं, तेवढी ती घासते. काकांच्या उंच हँडलमुळे आखूड पडलेली वायर हेडलाइटपाशी काटकोनात मुडपली होती. आत गंज आणि धूळ, निपलजवळ तारेचे दोन-चार पीळ तुटून अडकलेले. काका तेल घालायचे, पण आवरणाला बाहेरून, फडक्याने. जुन्या वायरीच्या वरच्या टोकाला प्लॅस्टिकचं नरसाळं बांधून, तेल ओतून, खालून थेंब पडेपर्यंत ती रात्रभर खिळ्याला टांगावी, हे जुन्या मिस्त्र्यांना ठाऊक असतं. आत अस्तर असलेल्या नव्या वायरींना मात्र तेल घालू नका, असंच बरेच उत्पादक सांगतात. काकांची वायर या दोन्हींच्या पलीकडे गेली होती.

पोराने लांब वायर आणून ऐसपैस वळणाने टाकली, लिव्हरचा बोल्ट साफ करून ग्रीस लावलं, लिव्हरच्या मुळाशी दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवली. काकांनी क्लच ओढला आणि ते गप्प झाले. "दम गेला गाडीतला," एवढंच पुटपुटले. मग हळूच म्हणाले, "थोडा घट्ट करून दे की."

"ढील काढली तर क्लच घसरेल काका, प्लेटा जळतील."

घरी काकूंनी गंमत म्हणून दोन बोटांनी लिव्हर ओढली. "अहो, एवढंच होतं होय?"

काका तेव्हापासून पार्किंगमध्ये फारसे थांबत नाहीत. काकूंनी लर्निंग लायसन्सचा फॉर्म भरला आहे.