पावसाळी ट्रेकनिवडीचे शास्त्र

पावसाळी ट्रेकची निवड वारापासून सुरू होते, आणि तो वार रविवार असतो. महिना जुलै. गड त्यानंतर ठरतो. महाराष्ट्रात साडेतीनशेच्या आसपास किल्ले असल्याचे सांगितले जाते. जुलैतल्या रविवारी मात्र लोहगड, हरिहर, कलावंतीण आणि सोबतीला कळसूबाई एवढेच शिल्लक राहतात. बाकीचे ऑक्टोबरात पुन्हा उगवतात. निवडीचा निकष एकच: त्या जागेचा व्हिडिओ गटातल्या कोणीतरी पाहिलेला असावा.

यांपैकी लोहगड पावसाळ्याला खरोखरच मानवतो. मळवली स्थानकातून चालत पायथा गाठता येतो आणि पुढे माथ्यापर्यंत बांधीव पायऱ्या आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत तोही आहे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे चार दरवाजे नागमोडी वाटेवर एकामागून एक येतात; मोठ्या जमावाला एकदम आत घुसता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. ही व्यवस्था अजून उत्तम चालते, हे कोणत्याही पावसाळी रविवारी दुपारी पडताळून पाहता येते.

कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे राज्यातले सर्वोच्च शिखर. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या असल्याने चढाईतले मुख्य कष्ट रांगेत उभे राहण्याचे. माथ्यावरून अलंग, मदन, कुलंग दिसतात असे पुस्तकांत असते. जुलैत पुढच्याची सॅक दिसते.

हरिहर आणि कलावंतीण यांची ख्याती कातळात खोदलेल्या पायऱ्यांमुळे. हरिहरच्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत आणि हात अडकवायला त्यांत खोबणी आहेत. चढणारा आणि उतरणारा समोरासमोर आले, तर बाजूला सरकायला जागा नसते. कलावंतिणीच्या पायऱ्यांना कठडा नाही आणि बाजूला दरी आहे. कोरड्या हवेत ही स्थळे थरारक असतात. पावसात पायऱ्यांवर शेवाळ धरते, वरून पाणी वाहते आणि पाय ठेवायच्या जागी पाय राहीलच याचा भरवसा उरत नाही. व्हिडिओत नेमके हेच चांगले दिसत असल्याने मागणीही नेमकी तेव्हाच वाढते.

गड ठरल्यावर वाट ठरवावी लागते, ही गोष्ट सहसा पायथ्याला कळते. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला आहे. कठीण थरांचे कडे उभे राहिले आणि जिथे खडक कमजोर होता तिथून पाण्याने घळी आणि नाळा कोरल्या. त्यामुळे बहुतेक गडांना दोन जातींच्या वाटा असतात: एक डोंगराच्या सोंडेवरून चढणारी, दुसरी नाळेतून. उन्हाळ्यात दोन्ही माणसांच्या. पावसाळ्यात दुसरीवर पाण्याचा वहिवाटीचा हक्क असतो. हरिश्चंद्रगडाला पाचनईहून सोपी वाट आहे, खिरेश्वरहून तोलारखिंडीची लांब वाट आहे आणि बेलपाड्याहून नळीची वाट आहे, जी पावसात कोणी घेऊ नये. भीमाशंकरला खांडसहून गणेश घाट सोपा, तर शिडी घाट पावसात धोक्याचा. साम्रदची सांधण घळ तर पाण्यानेच पाण्यासाठी केलेली आहे. तरीही ‘हरिश्चंद्रगड पावसाळ्यात जमतो का?’ असाच प्रश्न विचारला जातो आणि त्याचे ‘बिनधास्त!’ हे उत्तर ताबडतोब मिळते.

काठिण्यपातळीच्या रकान्यात आयोजक ‘सोपी ते मध्यम’ असे लिहितात. ही पातळी सर्व गडांना आणि सर्व ऋतूंना लागू पडते. शुल्कात प्रवास, पोहे, चहा आणि एक लीडर मिळतो; लीडरने तोच ट्रेक मागच्या रविवारी पहिल्यांदा केलेला असतो. राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले आणि त्यात आयोजकांनी नोंदणी करावी असे म्हटले आहे. सहभागी पोह्यांची चौकशी करतात, नोंदणीची करत नाहीत. गावातला वाटाड्या घेण्याची गरज भासत नाही, कारण वाट फोनमध्ये असते. फोन भिजू नये म्हणून सॅकच्या तळाशी असतो.

हवामान खात्याचा इशारा हा निवडीचा शेवटचा टप्पा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पाऊस ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ मानला जातो. इशाऱ्यांना पिवळा, नारिंगी आणि लाल असे रंग आहेत. ट्रेकगटांत त्यांचे अर्थ थोडे निराळे: पिवळा म्हणजे उत्तम वातावरण, नारिंगी म्हणजे धबधबे भरलेले आणि लाल म्हणजे पोहोचल्यावर बघू. घाटमाथ्यासाठी वेगळा अंदाज दिला जातो, परंतु शहरातल्या गॅलरीतून आकाश पाहणे अधिक विश्वासार्ह समजतात. आगाऊ भरलेले पैसे परत मिळत नसल्यामुळे धैर्यात जी भर पडते, तिचा हवामानशास्त्राने अजून विचार केलेला नाही.

ओढ्यांबाबतही असेच. डोंगरातल्या ओढ्याला पाणी पुरवणारे क्षेत्र लहान असते. वर सर आली की सकाळी घोट्याइतके असलेले पाणी दुपारी कमरेला लागते आणि पाऊस थांबल्यावर बहुधा तास-दोन तासांत उतरते. म्हणजे यावर उपाय थांबण्याचा. पण बसची वेळ ठरलेली असल्याने साखळी करून ओलांडण्याचा उपाय रूढ झाला आहे. त्यात अडकलेल्यांना काढायला लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक रात्री दोर घेऊन जातात. त्यानंतर प्रशासन जागे होते आणि बंदीचा आदेश निघतो. पूर्वी तो कलम १४४ खाली निघे, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. आदेशात उभा कडा आणि पायऱ्यांचा गड एकाच ओळीत बसतात. लोक तेवढेच वाचून दोन्हीकडे सारखेच जातात.

निवडीची आणखी एक पद्धत आहे, ती पूर्णतेसाठी नोंदवली पाहिजे. तिच्यात रविवार सोडून दुसरा वार निवडतात. वाट रुंद किंवा पायऱ्यांची, ओढा न ओलांडणारी आणि कातळटप्पा नसलेली पाहतात: पेठ शहापूरहून कोरीगड किंवा आठवड्याच्या मधल्या वारी लोहगड. लोणावळ्याहून राजमाचीची वाट सपाट पण लांब आहे आणि तिच्यात ओढे लागतात, म्हणून पावसाचा जोर ओसरलेला दिवस धरतात. हरिहर, कलावंतीण आणि अलंग-मदन-कुलंग हिवाळ्यावर टाकतात. वासोटा पावसाळ्यात बंदच असल्याने तिथे निवडीचा प्रश्न येत नाही. निघताना परत फिरण्याची वेळ ठरवतात आणि ती झाली की माथा समोर दिसत असला तरी मागे फिरतात. अशा ट्रेकची बातमी होत नाही. त्यामुळे ही पद्धत किती लोक पाळतात, याची नोंद वर्तमानपत्रांकडे नाही.