भिंतीवरचा नवाचा पाढा

"काहून गं, कोपऱ्यावरच्या क्वार्टरातला पोट्टा आजही घरीच?" काकू तारेपलीकडे स्टूल टाकून लाखोरीची भाजी निवडत होत्या. "सकाळपासून भिंतीवर चेंडू आपटून राहिला. तुझ्या काकांची रात्रपाळी झाली, आत्ता कुठे डोळा लागला होता त्यांचा."

"चेंडू नाही जी काकू, नवाचा पाढा आहे तो."

"आँ?"

"एक टप्पा, एक आकडा. नऊ एके नऊ, थप्प. नऊ दुणे अठरा, थप्प. चेंडू सुटला की पाढा पुन्हा पहिल्यापासून. खुर्चीवर बसवून म्हणायला लावलं तर सत्तावीसपर्यंत पोचत नाही म्हणते त्याची आई. तेवढ्यात खिडकीत खार दिसते."

काकूंनी दोन-चार देठ मोडले. जवाहरनगरात तसं काही लपत नाही. आयुध निर्माणीची वसाहत; कोणाची कोणती पाळी, कोणाकडे पाहुणे, कोणाचा गॅस संपला, सगळं सगळ्यांना पाठ. तरी हे प्रकरण काकूंना अर्धंच कळलं होतं, आणि अर्ध्या बातमीवर काकूंचं भागत नाही.

"शाळेतून काढून टाकलं असं बाजारात ऐकलं मी."

"नाही नं. पाचवी पास झाला, मग घरच्यांनीच काढलं. वर्गात बाकाखाली शिरायचा, बाईंचा प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायचा, तेही भलतंच. डायरीत रोज लाल शेरा. शेवटी नागपूरला दाखवलं. डॉक्टरांनी दोन फॉर्म दिले, एक आईबापांनी भरायचा, एक शाळेनं. फक्त एकाच ठिकाणी दिसत असेल तर धरत नाही म्हणे. दोन्हीकडे दिसलं. एडीएचडी."

"आमच्या वेळी वांड म्हणायचे. दोन धपाटे द्यायचे की झालं."

"धपाट्यांनी बसणारा असता तर एव्हाना पद्मासनात बसला असता, काकू."

त्या हसल्या, पण सोडणाऱ्या नव्हत्या. "तो आमिर खानचा पिच्चर होता, तारे जमीन पर. तेच ना हे?"

"ते वेगळं. त्यातल्या पोराला अक्षरंच लागत नव्हती. ह्याला वाचता येते धडाधड, पानाच्या शेवटापर्यंत टिकता येत नाही."

"मग मोबाईलवर कसा टिकते? परवा मी वाटी परत द्यायला गेली, तर ढुंकून पाहिलं नाही पोट्ट्यानं. दोन तास डोळे लावून बसते, अन् म्हणे लक्ष लागत नाही!"

इथे मला जरा थांबावं लागलं, कारण हा प्रश्न त्याच्या आईच्या सासरच्यांनीही विचारला होता आणि मीही मनातल्या मनात विचारला होता. लक्ष नाही असं नाही. लक्षाला लगाम नाही. मोबाईल दर मिनिटाला नवीन काहीतरी पुढ्यात टाकते, म्हणून तिथे ते आपोआप चिकटते. भूगोलाचं पुस्तक काही टाकत नाही. चिकटलेलं लक्ष स्वतःहून सोडवणंही त्याला तितकंच जड. वाटी घेऊन काकू उभ्या आहेत हे त्याला खरंच कळलं नसेल.

"म्हणून त्याची आई काय करते माहीत आहे का? रात्री पोट्टा झोपला की बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करते, दीक्षा ॲपवरचे धडे पाहून ठेवते, खान अकादमीचं गणित हिंदीतून उतरवून घेते. सकाळी नेट बंद. एक छोटा व्हिडिओ, मध्येच थांबवायचा, आता तू सांग. सांगताना त्यानं पलंगावर उभं राहावं, दाराला लोंबकळावं, काहीही करावं. नाही समजलं तर तोच तुकडा पुन्हा. व्हिडिओतल्या बाई सातव्यांदा सांगतानाही आवाज चढवत नाहीत नं. शाळेत चाळीस पोरं असली की तिसऱ्यांदा कोण सांगते?"

"अन् नेट चालू राहिलं तर?"

"तर अपूर्णांकावरून सुरू होते नि जेसीबीवर संपते."

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. खाली पुढच्या व्हिडिओचं चित्र दिसलं की गेला. लोक म्हणतात घरी बसून मोबाईलवर शिकते. शिकते ते आई शेजारी बसते म्हणून. तिची शिलाई मशीन झाकलेली आहे, माझा ब्लाऊज दिवाळीपासून तिच्याकडे पडून आहे, आणि विचारायची सोय नाही.

"ते सोड. पण दहावीचं काय? सर्टिफिकेटशिवाय कोण उभं करते? आपल्या फॅक्टरीत तर गेटसुद्धा पार होत नाही."

"बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहे नं, त्याला लागते ती पाचवी झालेलीच आहे. नाहीतर केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय, एनआयओएस. १९८९ पासून चालू आहे. चौदा पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येते, आणि विषय एकेक करून देता येतात, पाच वर्षांच्या आत. त्याला तेच बरं, सहा पेपर एका महिन्यात म्हटलं तर आईच आजारी पडेल. आणि नाही जमलं घरी, तर चौदापर्यंत शाळेला त्याला वयाच्या वर्गात परत घ्यावंच लागते. आरटीईचा कायदा आहे, २००९ चा."

"अपंगाची सवलत मिळत असेल."

"तिथंच घोडं अडलं. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार दिले आहेत, त्यात वाचन-लेखनाची अडचण आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही."

काकूंना कायद्याचा कंटाळा आला. त्यांना अचानक पेपरातली मुलगी आठवली. "मुंबईची होती बघ, शाळा सोडलेली, अन् अमेरिकेत गेली."

"मालविका जोशी. सातवीत शाळा सोडून घरी शिकली, कॉम्प्युटरच्या ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं, २०१६ मध्ये एमआयटीत गेली. बारावीचं सर्टिफिकेट नाही म्हणून आयआयटीचं दार बंद होतं तिला."

"बघ! म्हणजे हाही..."

"काकू, पाढा अजून त्रेसष्टवर अडते."

मालविकाचं नाव घेऊन धीर देणाऱ्यांचा मला खरं तर राग येतो. त्या पोरीच्या तीन पदकांचं ओझं या पोट्ट्याच्या पाठीवर कशाला? त्याच एमआयटीनं पोरांसाठी फुकट काढलेलं स्क्रॅच मात्र त्याला आवडते. ठोकळे जोडून त्यानं मांजर पळवली, मग ती पडद्याच्या कडेला अडकली, मग ती का अडकली हे शोधण्यात जेवायचं विसरला. गणितातला उणे आकडा त्याला तिथं समजला, मांजर मागे आणताना.

"एकटं पडेल गं पोट्टं." हे मात्र काकू खऱ्या काळजीनं बोलल्या, आणि यावर माझ्याकडेही उत्तर नव्हतं. संध्याकाळी मैदानावर जाते, पण क्रिकेटमध्ये त्याचा नंबर यायच्या आधीच तो बॅट ओढते, मग पोरं घेत नाहीत. व्हिडिओला पॉज आहे, पोरांना नाही.

"घरातले काय म्हणतात?"

मी तारेजवळ सरकले. "सासूला शाळा सोडवल्याचं सांगितलंच नाही नं अजून! साकोलीला असतात त्या. मागच्या आठवड्यात सकाळी अकराला फोन केला, तर नातवानंच उचलला. 'शाळेत नाही गेला का रे?' तर म्हणते, 'आजी, माझी शाळा इथंच आहे.' मग सुनेनं फोन ओढला अन् सांगितलं, ऑनलाईन शाळा आहे."

"अन् म्हातारीनं ऐकून घेतलं?"

"घेतलं. म्हणाल्या, तो करोना अजून गेला नाही का जी तुमच्या जवाहरनगरातून?"

काकू इतक्या हसल्या की सुपातली भाजी मांडीवर सांडली. आतून काकांनी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, "काही नाही, झोपा तुम्ही." मग माझ्याकडे वळून हळूच, "रविवारी येऊन राहिली म्हणे म्हातारी?"

"पाच दिवसांसाठी."

"मग तर सोमवारी चेंडू ऐकेलच ती," काकू भाजी गोळा करत म्हणाल्या. "सुनेला म्हण, दुपारी इकडे पाठवून देत जा सासूला. वड्या घालायच्या आहेत मला, हात लागतीलच."