गाडीच्या छपराला चार मोऱ्या

"कळलं का तुला? कोपऱ्यावरच्यांच्या गाडीत पाणी कुठून येत होतं ते सापडलं!"

मावशींनी कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली की पुढचा अर्धा तास आपला नाही, हे आमच्या कामतघरच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी गॅस बंद करून आले.

"शोरूमवाल्यांना नाही सापडलं, गॅरेजवाल्याला नाही सापडलं. आमच्या ह्यांना सापडलं," मावशी म्हणाल्या आणि पदर खोचला.

आधी गाडीची कुळकथा सांगायला हवी. कोपऱ्यावरच्यांची पूर्णा गावाकडे गोदामं आहेत, भाडी येतात, चांगलं चाललंय. वैशाखात थोरल्याचं लग्न निघालं तेव्हा मुलाने एकच हट्ट धरला, गाडी घ्यायची तर सनरूफवाली. त्यात त्याचाही फारसा दोष नाही. पूर्वी ही छपरातली खिडकी फक्त बड्या लोकांच्या गाडीत दिसायची. 2023 मध्ये टाटांच्या अल्ट्रोझला ती मिळाली, ह्युंदाईची एक्स्टर तर ती घेऊनच बाजारात आली, आणि मग छोट्या गाडीवाल्यांनाही डोक्यावर आभाळ हवंसं वाटायला लागलं. भिवंडीत जून ते सप्टेंबर त्या आभाळातून काय येतं, हे गाडी घेताना कोणाच्या लक्षात राहत नाही.

"हळदीच्या रात्री बघितलं होतंस ना? नवरदेव कमरेपर्यंत काचेतून बाहेर. डीजे पुढे, गाडी मागे. वरून झेंडूच्या पाकळ्या, अक्षता, आणि ती सोनेरी कागदं उडवायची बंदूक. सगळं त्या भोकात. जेवणाला आमचेच चार मोठे टोप नेले होते, ते असो."

"आणि गाडी धुतली असेल की नंतर."

"वरून धुतली. काच उघडून आत कोण बघतंय?"

पहिल्या पावसात काही झालं नाही. मग एका संध्याकाळी नव्या सुनेचे सासरे पुढे बसलेले, अंजूरफाट्याच्या गर्दीत मुलाने ब्रेक दाबला, आणि छतातल्या दिव्यातून थेट त्यांच्या टोपीवर धार लागली. ही हकीकत मावशींनी मला आधीही सांगितली आहे, पण दर खेपेला धार थोडी मोठी होते. त्यानंतर डाव्या बाजूची पायपुसणी भिजू लागली, सीटबेल्ट ओला लागू लागला आणि दार उघडलं की कुबट वास.

गल्लीत मग जितकी तोंडं तितकी निदानं. आजींनी दृष्ट काढली आणि पुढे लिंबू-मिरची टांगली. सुनेचा भाऊ म्हणाला, पुढच्या काचेचं रबर गेलंय. सासूबाईंचं म्हणणं, एसीचं पाणी.

"एसीचं कसं असेल?" मावशी म्हणाल्या. "लग्नाच्या धावपळीत एसी रात्रंदिवस चालू होता. तेव्हा नाही गळला तो?"

यात तथ्य आहे. एसीची नळी तुंबली तरी डाव्या पायाशीच ओल येते, म्हणून लोक फसतात. पण ते पाणी पावसाची वाट बघत नाही, आणि छतातल्या दिव्यातून तर नाहीच येत. पाऊस पडून गेल्यावर, गाडी हलली किंवा ब्रेक लागला की वरून पडतं, ते छपरात साठलेलं पाणी.

शोरूमवाल्यांनी सनरूफचं सगळं रबर बदलायला सांगितलं आणि जो आकडा सांगितला तो ऐकून सासऱ्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग कोणीतरी एका स्वस्तातल्या माणसाकडे नेलं. त्याने काचेच्या चारी कडांना सिलिकॉन भरून दिलं. दोन दिवस सगळे खूश. तिसऱ्या पावसाला पुन्हा धार, वर काच चिकटलेली आणि बटण दाबलं की मोटर नुसती कण्हतेय.

"तेव्हा कुठे ह्यांच्याकडे आले," मावशी म्हणाल्या. "आधी हसले होते, हं. म्हणे, काका मागांवरचे, त्यांना गाडीतलं काय कळतंय."

काका आयुष्यभर यंत्रमागांवर जॉबर होते. माग अडला की मालकाच्या आधी जॉबरला हाक जाते. शटल का उडालं, पिकर कुठे घासतोय, सूत कशाने तुटतंय, हे आवाजावरून सांगायचं आणि दुरुस्त करून पुढच्या मागाकडे वळायचं. अशा माणसाला "रबर बदला" हे उत्तर पटणारच नाही. त्यांनी आधी गाडीभोवती एक फेरी मारली. आमची गल्ली वऱ्हाळदेवी तलावाच्या बाजूला उतरत जाते, आणि गाडी नेहमी नाक खाली करून उभी असते. काका म्हणाले, पाणी पुढेच येणार. मग ब्लेडने हळूहळू सिलिकॉन सोडवलं, काच उघडली, टॉर्च मारला आणि मुलाला जवळ बोलावलं.

"काय म्हणाले ऐक," मावशींनी आवाज काकांसारखा जाड केला. "'अरे, या काचेतून पाणी आत यायचंच असतं. वरचं रबर बरंचसं अडवतं, उरलेलं आत येतं, म्हणून तर कंपनीने खाली पन्हळ दिली आहे. आणि पन्हळीच्या कोपऱ्यांना चार मोऱ्या आहेत. मोरी तुंबली तर तू नळ बदलणार का?'"

काकांना हे कोणी शिकवलं नव्हतं, पण सनरूफची सगळी रचना या दोन-चार वाक्यांत आली. काचेखालच्या चौकटीला चहूबाजूंनी उथळ पन्हळ असते. तिच्या कोपऱ्यांतून करंगळीहून बारीक नळ्या निघतात. पुढच्या दोन पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून उतरतात आणि बहुतेक गाड्यांत पुढच्या दाराच्या बिजागरीच्या आसपास बाहेर पडतात. मागच्या दोन मागच्या खांबांतून जाऊन चाकाच्या किंवा बंपरच्या आडोशाला सुटतात. नळ्या मोकळ्या असतील तर पन्हळीत आलेलं पाणी गुपचूप रस्त्यावर जातं, आत बसलेल्याला पत्ताही लागत नाही. एक बुजली की पन्हळ भरते, काठावरून सांडते, छताच्या कापडात मुरते आणि सर्वात जवळचं भोक शोधते. ते भोक म्हणजे दिवा.

माझ्या भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता, तो मला इथे आठवला. 2023 च्या सुरुवातीला एकाने हिमाचलात स्पितीकडे नवी स्कॉर्पिओ-एन धबधब्याखाली नेली आणि छतातून पाणी आत पडलं. देशभर बोभाटा झाला. मग महिंद्राने धबधब्याखाली तशीच गाडी उभी करून आपला व्हिडिओ काढला, आत कोरडं. गाडी तयार होते आपल्या चाकणला आणि भिजायला जाते हिमाचलात.

"धबधब्याखाली गाडी घालायचीच कशाला?" मावशींनी तो विषय एका वाक्यात निकालात काढला.

काकांची तपासणी साधी होती. चहाचा कप आणि पाणी. एकेका कोपऱ्यात थोडं थोडं ओतायचं आणि सुनेने खाली वाकून बघायचं, कुठे ठिबकतंय. बादली ओतायची नाही, नाहीतर आहे त्यात आणखी आत जायचं. मागच्या दोन्ही नळ्या चालू निघाल्या. उजवी पुढची हळू, पण चालू. डाव्या पुढच्या कोपऱ्यातलं पाणी जागचं हललं नाही.

"मग मुलगा धावत गेला आणि मागच्या कारखान्यातून हवेचा पाइप घेऊन आला. मागांवरची रुई उडवतात ना, तो. ह्यांनी हात धरला त्याचा."

काकांनी हात धरला ते बरं झालं. जोराची हवा मारली की नळी मोकळी होईलच असं नाही, पण वरच्या जोडापासून निसटू मात्र शकते. मग पाणी नळीतून न जाता खांबाच्या आत पडत राहणार, आणि ती परत बसवायची तर खांबावरचं आवरण, छताचं कापड सगळं उतरवावं लागणार. पुष्कळ गाड्यांत तिथेच पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग दडवलेली असते, तिथे घरच्या स्क्रूड्रायव्हरने हात घालायचा नसतो. टोकदार तारही नको. ब्रेकची केबल, छत्रीची काडी, असलं काही घातलं तर नळीलाच भोक पडतं आणि ते कोणाला दिसतही नाही.

काकांनी गोदामावरच्या गवत कापायच्या यंत्राचा जाड नायलॉन दोरा मागवला. तो वाकतो, पण मोडत नाही. टोक काडीपेटीवर जरा शेकून गोल केलं, म्हणजे खरवडणार नाही. मग वरून हळूहळू सोडत गेले. अडला की ढकलायचं नाही, मागे घ्यायचा, फिरवायचा, पुन्हा सोडायचा. दोरा जवळजवळ सगळा गेला आणि अगदी शेवटी येऊन थांबला.

"ह्यांनी पुढचं दार उघडलं, बिजागरीजवळ हात घातला. तिथे नळीला म्हणे रबराचं तोंड असतं, मिटलेलं, मध्ये चीर. किडे, चिखल आत जाऊ नये म्हणून. त्यातच सगळं येऊन बसलं होतं. दोन बोटांनी दाबलं, आणि बाई गं..."

"काय निघालं?"

"फुगलेला तांदूळ! सोनेरी कागद. पाकळ्यांचा काळा लगदा. आणि रुई, ही एवढी. ह्यांनी ती बोटावर घेऊन वास घेतला आणि म्हणाले, सायझिंगची खळ आहे यात."

हे निदान भिवंडीतच होऊ शकतं. ताण्याच्या सुताला सायझिंगमध्ये खळ लावतात, म्हणजे मागावर ते तुटत नाही. माग चालू झाला की ती घासून घासून झडते आणि कापसाच्या तंतूंबरोबर हवेत जाते. आमच्या खिडक्यांच्या जाळ्यांवर, पंख्यांवर, वाळत घातलेल्या काळ्या कपड्यांवर ती रोज दिसते. कोरडी असेपर्यंत ती नुसती धूळ. उन्हाळाभर उघडमीट होणाऱ्या काचेखाली साठत राहिली आणि जूनमध्ये पाणी लागल्याबरोबर पुन्हा खळ झाली, वर अक्षतांचा स्टार्च. दुसऱ्या गावात नळी तुंबायला दोन-तीन वर्षं लागत असतील, इथे एक लग्नसराई पुरली.

मी विचारलं, "आणि पानं नव्हती का? बारीक बारीक?"

मावशींनी भिंतीवरची न दिसणारी धूळ झटकली.

"असतील दोन-चार."

"शेवग्याची?"

"पानावर नाव लिहिलेलं असतं का?"

मावशींचा शेवगा भिंतीवरून बरोबर कोपऱ्यावरच्यांच्या गाडीवर ओणवा झालाय, आणि त्याची पानं त्या नळीत जाण्याइतकीच लहान असतात. गुलमोहर आणि चिंचेच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. मोठं पान वरच अडतं, झाडूने निघतं. बारीक पान थेट मोरीत. पण हे मी मावशींना बोलले नाही.

नळी सुटल्यावर पाणी कसं भसकन बाहेर आलं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. नंतरचं काम मात्र त्यांना सांगण्यासारखं वाटत नव्हतं, आणि खरं तर गाडीवाल्याच्या दृष्टीने तेच मोठं. पायाखालचा गालिचा वरून हाताला कोरडा लागतो, पण त्याखाली जाड स्पंज असतो आणि तो आठवडाभर पाणी धरून ठेवतो. वास तिथूनच येतो. सीटखाली वायरींचे जोड असतात, ते ओले राहिले की डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागतो आणि मग तो खर्च वेगळा. म्हणून पायपुसणी भिंतीवर, चारही दारं उघडी, गालिचा उचलून खाली रद्दी कोंबलेली आणि व्हरांड्यातला टेबलफॅन गाडीच्या आत. श्रावणातलं ऊन तेवढं मेहरबान झालं.

"ह्यांनी बजावलंय त्यांना. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीआधी एकदा काच उघडायची, ओल्या फडक्याने पन्हळ पुसायची, कपभर पाणी ओतून बघायचं. रबराला सिलिकॉनचं ग्रीस बोटभर लावायचं, तेल नाही. पैसे काही घेतले नाहीत ह्यांनी."

"मग आता खूश असतील ते."

"खूश कसले! काल सासरे आले होते. म्हणे, काकांचे उपकार झाले, फक्त तेवढी शेवग्याची फांदी तोडा. शेंगा न्यायला गोड लागतं, फांदी नको."

"मग, तोडणार?"

"तोडू की," मावशी म्हणाल्या. "आधी हळदीला नेलेले चार टोप परत येऊ देत."